पाचशे सीटांचं विमान आणि ७२ तासांचा कागद

२०२० च्या मे महिन्यात माझ्या आतेभावाने दुबईहून व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. त्याचं ऑफिस जेबेल अलीकडे, तिथून पुढे अल मक्तूम एअरपोर्ट लागतो, आणि फोटोत काय तर नुसत्या शेपट्या. दुबईच्या एमिरेट्स कंपनीच्या विमानांच्या शेपट्या, बेंदराला बैल ओळीने उभे करतात तशा, फक्त हे बैल सजवलेले नव्हते, झाकून ठेवलेले होते. खाली लिहिलं होतं, "एवढी उभी हायत आन मला घरी यायला एक सीट मिळंना."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पण प्रश्न खरा होता ना. विमानं आहेत, पायलट आहेत, घरी जायला तडफडणारी माणसं आहेत, मग उडत का नाहीत? आणि पुढे उडायला लागली तेव्हा हा कागद आणा, ती कोरोनाची टेस्ट करा, ९६ तास, ७२ तास, ४८ तास, हे नियम दर पंधरा दिवसांनी कोण बदलत होतं? बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की एअरलाइनवाले मनाला येईल तसं करत होते. तसं नव्हतं. थोडं आत शिरून बघू.

आधी विमान समजून घ्या, एमिरेट्सचं सगळ्यात मोठं. एअरबस ए३८०, म्हणजे आपल्या बेस्टच्या डबल डेकरसारखं, खालून वरून दोन्ही मजल्यांवर माणसं. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ८० मीटर, उंची २४ मीटर, चार इंजिनं, २२ चाकं, भरून उडतं तेव्हा वजन साधारण पावणेसहाशे टन. एमिरेट्सच्या नेहमीच्या मांडणीत ५०० च्या आसपास सीटा, आणि फर्स्ट क्लास काढून टाकलेली जी मांडणी होती तिच्यात ६१५. कायद्याने तर ८५३ प्रवासी बसवायची परवानगी आहे, आणि ती मिळवण्यासाठी २००६ मध्ये हॅम्बुर्गला अंधारात, अर्धे दरवाजे बंद ठेवून, ८७३ माणसं घसरगुंड्यांवरून ७८ सेकंदांत बाहेर काढून दाखवली होती. आपल्याकडे ठाण्याला लोकल रिकामी व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, पण तिथे घसरगुंड्या नसतात.

जगात प्रवासी घेऊन जाणारी ही विमानं बनली २५१, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. म्हणजे जवळपास निम्मी. पहिलं २००८ ला आलं, शेवटचं २०२१ च्या डिसेंबरात. कोरोना आला तेव्हा त्यांच्याकडे ११५ होती. बाकी कुठल्याही कंपनीकडे याच्या चौथाईसुद्धा नव्हती. मग एमिरेट्सलाच एवढी का परवडत होती?

याचं उत्तर कराडच्या स्टँडवर आहे. पाटण, ढेबेवाडी, उंडाळे, कुठकुठनं माणसं वडापने, जीपने, मिळेल त्याने कराडला येतात आणि तिथून मुंबईची गाडी भरते. एकट्या ढेबेवाडीतून मुंबईची अख्खी एसटी रोज भरणार नाही, पण ३० गावांची दोन-दोन माणसं आली की भरते. दुबई म्हणजे हे कराड. कोचीचा माणूस मँचेस्टरला निघालाय, ढाक्याचा न्यूयॉर्कला, सिडनीचा मिलानला, नैरोबीचा ग्वांगझूला, सगळे दुबईला उतरतात, तीनचार तास फिरतात, चॉकलेटं घेतात आणि दुसऱ्या विमानात बसतात. लंडनला जाणाऱ्या ५०० माणसांत दुबईची माणसं थोडीच असतात, बाकीची पन्नास शहरांतून गोळा झालेली. इतक्या ठिकाणांहून माणूस येतो म्हणून एवढं मोठं विमान भरतं. आणि भरलं तरच ते परवडतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

आता कोरोना आला आणि जगात काय झालं? आपल्याकडे २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये खेड्यापाड्यांत जे झालं तेच. आठवत असेल, वेशीवर बाभळीच्या काट्या, दगड, आडवा टाकलेला बैलगाडीचा सांगाडा, आणि पाटी, बाहेरच्यांना प्रवेश बंद. मुंबईहून आलेल्या सख्ख्या पुतण्याला चुलत्याने शाळेत १४ दिवस झोपवलेलं मी बघितलंय. तीच गावबंदी देशांनी केली. भारताने २२-२३ मार्चच्या रात्रीपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली, दुबई ज्यात येतं त्या यूएईनेही केली, आणि २५ मार्चला एमिरेट्सची नेहमीची प्रवासी उड्डाणं थांबली. स्टँड उघडं ठेवून काय करणार, येणाऱ्या जीपाच बंद. ३० गावांतली २८ बंद झाली की उरलेल्या दोन गावांच्या चार माणसांसाठी मोठी गाडी कोण काढणार?

बरं, चार इंजिनांचं हे धूड तासाला साधारण ११-१२ टन इंधन पितं. एमिरेट्सकडे दुसरं जे विमान आहे, बोइंगचं ट्रिपल सेव्हन, ते दोन इंजिनांचं, साडेतीनशे सीटांचं, ते सातसाडेसात टनांत भागवतं. १०० प्रवासी असतील तर कुठलं काढाल? आणि यात आणखी एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. त्या काळात प्रवासी नव्हते पण माल होता, मास्क, पीपीई, औषधं, व्हेंटिलेटर. ट्रिपल सेव्हनच्या पोटात माल भरपूर मावतो, त्यामुळे वर सीटा रिकाम्या असल्या तरी खालच्या मालावर फेरी निघायची, एमिरेट्सने तर काही विमानांच्या सीटा उपसून वरसुद्धा खोकी भरली. ए३८० चं पोट मात्र दिसायला एवढं मोठं असूनही मालाला कमी पडतं, कारण दोन मजल्यांच्या माणसांच्या बॅगा आधी त्यातच जातात. वरच्या मजल्यांवर माल चढवायला मोठा दरवाजा नाही, तशी जमीनही केलेली नाही, मालवाहू ए३८० काढायचा बेत होता पण गिऱ्हाईकांनी ऑर्डरी रद्द केल्या आणि तो कागदावरच राहिला. २०२० च्या नोव्हेंबरात सोलहून आम्सटरडॅमला ए३८० ने ५० टन वैद्यकीय सामान नेलं खरं, पण ते अपवादच.

म्हणून पहिली झाकली गेली ती ही मोठी.

झाकली म्हणजे नुसती ताडपत्री टाकली असं नाही हं. गाडी महिनाभर पार्किंगमध्ये ठेवली तर बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, उंदीर वायरी खातात, हे आपल्याला माहितीये. इथे वाळवंट, उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा आणि बारीक वाळू. इंजिनाची तोंडं मागनं पुढनं बंद करायची. वेग मोजणाऱ्या ज्या बारीक नळ्या नाकापाशी असतात त्यांना टोप्या घालायच्या, कारण त्यात एखादं कुंभारणीचं घर झालं तर वर गेल्यावर वेग चुकीचा दिसेल आणि ते जिवावर बेतेल. पाण्याच्या टाक्या पूर्ण उपसायच्या, बॅटऱ्या सोडवायच्या, सीटा झाकायच्या. आणि एवढं करून विसरून जायचं नाही, ठरलेल्या दिवसांनी परत तपासायचं, चाकं फिरवायची. शंभरावर विमानं आणि दर काही दिवसांनी प्रत्येकाची ही सेवा, म्हणजे उडत नसतानाही खर्च चालूच.

पायलटचं तर अजून वेगळं. नियम असा की ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली पाहिजेत, नाहीतर प्रवासी घेऊन उडता येत नाही. सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, केलेलं चालतं. पण सगळ्या कंपन्यांना ते सहज मिळत नव्हतं, कोरियाच्या एशियानाने तर त्या मे महिन्यात काही दिवस रिकामी ए३८० घिरट्या घालत उडवली, का तर पायलटांचा हात जाऊ नये म्हणून. रिकामी! चार इंजिनं लावून! बारावीच्या प्रॅक्टिकलला हजेरी भरायला जातात तसं.

एअर फ्रान्सने त्याच महिन्यात सरळ सांगून टाकलं की आमच्या ए३८० आता परत उडणार नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटसने आपली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नेऊन ठेवली. सिंगापूरवाल्यांनी तर चांगी एअरपोर्टला उभ्या ए३८० मध्ये हॉटेल चालवलं, लोक पैसे देऊन न उडणाऱ्या विमानात जेवायला गेले. एमिरेट्सला असं काही करून चालणारच नव्हतं, कारण त्यांच्याकडे फक्त दोनच प्रकारची मोठी विमानं, छोटं एकही नाही. १५ जुलै २०२० ला त्यांनी लंडन आणि पॅरिससाठी ए३८० परत काढलं.

आता दुसरा भाग, नियम. यात दोन वेगळ्या गोष्टींची लोक मिसळ करतात. विमानाच्या आतले नियम एअरलाइनचे, आणि विमानात चढायचे नियम देशांचे.

आतले आधी बघू, ते सोपे. मास्क, ग्लोव्हज सक्तीचे, चढताना एक पाकीट हातात, त्यात मास्क-ग्लोव्हज-सॅनिटायझर-पुसायचे कागद. एअरहोस्टेस गणवेशावर पीपीईचा झगा घालून. मासिकं गायब. दर ४५ मिनिटांनी टॉयलेट साफ. आणि हातातली बॅग बंद. लॅपटॉप, पर्स, बाळाचं सामान एवढंच आत, बाकी सगळं खाली पोटात टाका, तेवढं वजन वाढवून देतो. याचा लोकांना फार राग यायचा. माझी वहिनी, म्हणजे याच आतेभावाची बायको, मार्चला पोराला घेऊन सुट्टीला आलेली अडकली ती ऑगस्टमध्ये परत गेली (विमान कुणाचं ते राहू दे), आत्याने दिलेला चकलीचा डबा तिला काउंटरवरच बॅगेत कोंबायला लावला आणि तिथे पोचेपर्यंत चकल्यांची भाजणी झालेली, म्हणजे परत पीठच.

पण नियमात अर्थ होता. विमानातली हवा दर दोनतीन मिनिटांत बदलते, अर्धी बाहेरून येते आणि अर्धी हेपा फिल्टरमधून गाळून, ज्यात ९९.९७ टक्के बारीक कण अडकतात. हवा डोक्यावरून खाली येते आणि पायाशी ओढली जाते, पुढून मागे लांबलचक वाहत नाही. त्यामुळे नुसतं गप्प बसलेल्या माणसापासून धोका आपण समजतो त्यापेक्षा कमी. धोका कधी, तर सगळे एकदम उठून, हात वर करून, एकमेकांच्या तोंडावर वाकून वरच्या कप्प्यात बॅगा कोंबतात तेव्हा, आणि तेव्हा विमान जमिनीवर असतं, हवा पूर्ण जोरात चालूच असेल असंही नाही. बॅगच नाही तर गर्दीच नाही. चकल्या गेल्या त्या या हिशोबात.

मधली सीट रिकामी ठेवायची का, यावरून तर आपल्या मुंबई हायकोर्टात केस झाली, एका पायलटनेच एअर इंडियाविरुद्ध केली होती. सुप्रीम कोर्टाने ईदच्या सुट्टीच्या दिवशी सुनावणी घेऊन दहा दिवस भरा म्हणून मुभा दिली, मग विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने सांगितलं की शक्यतो रिकामी ठेवा, नाही जमलं तर मधल्याला अंगभर झगा द्या, आणि १५ जूनला हायकोर्टाने मधली सीट भरायला परवानगी दिली. यात एअरलाइन्सचा हिशोब काय होता ते सांगतो. ए३८० च्या खालच्या मजल्यावर इकॉनॉमीत एका रांगेत तीन-चार-तीन अशा दहा सीटा. मधल्या सोडल्या तर बसणार सहा. म्हणजे ६० टक्के. त्यांची जागतिक संघटना आयाटा म्हणत होती की मधल्या सीटा सोडल्या तर विमान जास्तीत जास्त ६२ टक्के भरेल आणि खर्च निघायलाच सरासरी ७७ टक्के भरावं लागतं. म्हणजे फुल्ल होऊनसुद्धा तोटा! आता संघटना एअरलाइन्सचीच, ती त्यांच्या बाजूनेच बोलणार, हे धरून चला, पण गणित काही खोटं नाही.

खरी डोकेदुखी दुसऱ्या प्रकारच्या नियमांची. तुम्ही मुंबईहून दुबईमार्गे टोरांटोला चाललाय तर तीन देशांचे नियम लागू, भारत सोडायचा, दुबईत थांबायचा, कॅनडात शिरायचा. आणि चेक-इन काउंटरवरची ती पोरगी हे सगळं कुठून बघायची? टिमॅटिक नावाची एक यंत्रणा असते, त्यात पासपोर्ट, व्हिसा, मार्ग टाकला की कुठला कागद लागेल ते येतं. कोरोनात ती सारखी बदलायची. आणि चुकीच्या कागदावर माणूस चढवला तर दंड एअरलाइनला आणि त्याला परत आणायचा खर्चही एअरलाइनला. म्हणून काउंटरवर सगळे एवढे कडक. ती पोरगी दुष्ट नव्हती, तिची नोकरी त्या कागदावर होती. आता ५०० जणांच्या विमानाला पन्नास शहरांतून माणसं येणार म्हणजे पन्नास तऱ्हेचे कागद तपासायचे. जी गोष्ट या विमानाची ताकद होती, ठिकठिकाणची माणसं एकत्र करणं, तीच नेमकी गळ्यात अडकली.

तासांचं काय? टेस्ट तुम्हाला आज कोरोना आहे का हे सांगत नाही, नाकात काडी घातली त्या क्षणी होता का ते सांगते. नंतर लागण झाली तर कागदाला माहीत नाही. म्हणून जितके तास कमी तितका कागद ताजा. ऑगस्ट २०२० पासून दुबईला ९६ तास चालायचे, २०२१ ला ७२ झाले, भारतातून जाणाऱ्यांना नंतर ४८. आणि हे तास मोजायचे सॅम्पल दिल्यापासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. लोकं इथेच पडायची. शुक्रवारी सकाळी सॅम्पल, शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट, रविवारी रात्रीचं विमान, घरचे म्हणणार कालचाच तर रिपोर्ट आहे, काउंटर म्हणणार साठ तास झाले, मागे व्हा.

आतेभावाला याचा सगळा प्रसाद मिळाला. पठ्ठ्या २०२१ च्या एप्रिलमध्ये बहिणीच्या लग्नाला आला आणि २४ एप्रिलच्या रात्रीपासून यूएईने भारतातून येणाऱ्यांना बंदी घातली. गंमत बघा, दुबईहून इकडे विमानं येतच होती, भरून, जाताना मात्र जवळजवळ रिकामी, थोडीफार सूट मिळालेली माणसं आणि माल. दहा दिवसांची बंदी म्हणत म्हणत ऑगस्ट उजाडला. ५ ऑगस्टपासून ज्यांनी यूएईत लस घेतलीये अशा रहिवाशांना दार किलकिलं झालं, त्याने तिकडेच सिनोफार्म घेतलेली म्हणून त्याचा नंबर लागला. कागद काय काय? दुबईच्या इमिग्रेशनची परवानगी, लसीचं सर्टिफिकेट, ४८ तासांच्या आतली आरटीपीसीआर आणि तिच्यावर क्यूआर कोड, आणि वर एअरपोर्टवर विमान सुटायच्या आधी चार तासांच्या आत रॅपिड पीसीआर.

त्या चार तासांचा हिशोब करून बघा. काउंटर तासभर आधी बंद. उरले तीन. रिपोर्टला अर्धा-पाऊण तास. आणि रांगेत तुमच्या पुढे दीडशे जण. मुंबई एअरपोर्टच्या टी-टू टर्मिनलबाहेर रात्री दोन वाजता तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद लावून उभा, आत्या गाडीत बसून स्तोत्र म्हणतेय. नंबर यायच्या आधीच कुणीतरी त्याचा पहिला रिपोर्ट बघून म्हणालं, अहो यावर क्यूआर कोड कुठाय? आमच्याकडच्या लॅबने शिक्का मारला होता, सही केली होती, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर होता, कोड नव्हता. संपलं. पहाटे गाडी परत डोंबिवलीला. नवीन टेस्ट, नवीन ४८ तास, तिकिटाची तारीख बदल, आणि तिसऱ्या दिवशी परत तेच टी-टू. कोडचा आग्रह का, तर खोट्या निगेटिव्ह रिपोर्टांचा धंदा जोरात होता, कोड स्कॅन केला की लॅबच्या साइटवरचा मूळ रिपोर्ट उघडतो. शिक्का तर कुणीही बनवून घेतो.

आणि इकडे येणाऱ्यांचे हाल वेगळे. २०२० च्या डिसेंबरात यूकेतला नवा व्हेरियंट निघाला तेव्हा महाराष्ट्र सरकारने युरोप आणि मिडल ईस्टहून मुंबईत उतरणाऱ्यांना सक्तीने हॉटेलात राहायचं, स्वतःच्या खर्चाने, असा हुकूम काढला. बाकी राज्यांत तसं नव्हतं. मग काही हुशार मंडळी दुसऱ्याच राज्यात उतरून रस्त्याने घरी आली. सरकारने काय म्हणावं आणि लोकांनी काय करावं!

लोक तिकीट काढायलाच घाबरत होते ते याच कारणासाठी. रोगापेक्षा परदेशात अडकायची भीती जास्त. हे एमिरेट्सने ओळखलं आणि जुलै २०२० मध्ये तिकिटासोबत फुकट कव्हर जाहीर केलं, प्रवासात कोरोना झाला तर दीड लाख युरोपर्यंत औषधपाणी आणि क्वारंटाइनचे दिवसाला १०० युरो, १४ दिवस. जाहिरात होती का, होतीच. पण नेमक्या दुखऱ्या जागी लावलेला मलम होता. रिफंडचंही सांगायला हवं, सप्टेंबरपर्यंत त्यांनी १४ लाख अर्ज निकाली काढून ५०० कोटी दिरहम परत केले.

एवढं करूनही मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात प्रवासी फक्त ६६ लाख, आदल्या वर्षी होते ५ कोटी ६२ लाख. तोटा २,०३० कोटी दिरहम. दुबई सरकारने पैसे ओतले म्हणून तगले. तेव्हा सगळे तज्ज्ञ म्हणत होते की डबल डेकर विमानाचे दिवस संपले. आणि २०२२ ला गावबंद्या उठल्या, लोक सुटल्यासारखे फिरायला लागले, नवीन विमानं बोइंगकडून वेळेवर मिळेनात, तेव्हा झाकून ठेवलेली हीच ए३८० कामाला आली. लुफ्तान्सा आणि एतिहादने बाजूला टाकलेली परत २०२३ मध्ये बाहेर काढली. एमिरेट्सने २०२२ च्या ऑक्टोबरात बेंगळुरूलाही ए३८० सुरू केलं, तोवर आपल्याकडे त्यांचं ए३८० फक्त मुंबईला यायचं. त्यानंतर महिन्याभराने परदेशातून येणाऱ्यांना भरावा लागणारा आपल्या सरकारचा तो एअर सुविधा फॉर्मही गेला.

वहिनी मागच्या दिवाळीला येऊन गेली. आता हातातली बॅग परत सात किलोची, टेस्ट नाही, कोड नाही. आत्याने चकलीचा डबा आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितला, दोन किलो भरला, म्हणाली पाच किलो उरले, लाडू पण देते.